घरचा डावा आणि सुरतेचा वाघ

मी तोंडाळ आहे, हे आमच्या घरात सगळ्यांना मान्य आहे, मलासुद्धा. शाळेत मुलांवर ओरडते, घरी नवऱ्यावर, फोनवर भावावर. पण तोंडाळ माणसाला खोटं बोलता येतंच असं नाही. मला तर अजिबात येत नाही. खोटं बोलायची वेळ आली की मी दुप्पट बडबडते, आणि समोरच्याला लगेच कळतं की काहीतरी गडबड आहे. हे सगळं माहीत असूनही धाकट्या भावाने ते काम माझ्याच गळ्यात घातलं.

काम असं होतं. दिवाळीच्या सुट्टीत एक दिवस बापूंना, म्हणजे आमच्या वडिलांना, आमच्या कोरीट गावाहून लांब कुठेतरी न्यायचं आणि संध्याकाळपर्यंत परत आणायचं नाही. तेवढ्या वेळात घरी गाडी येणार होती आणि आमचा म्हातारा बैल धानोऱ्याकडच्या एका गोशाळेत जाणार होता.

त्या बैलाचं आधी सांगायला हवं. आमच्या घरी बैलांना नावं कधीच नव्हती. डाव्या अंगाला जुंपायचा तो डावा, उजव्या अंगाला जुंपायचा तो उजवा. नांगर, वखर, गाडी, सगळं याच जोडीने केलं. पुढे ट्रॅक्टर आला, जोडी बसून खायला लागली, आणि तीन वर्षांपूर्वी उजवा गेला. डावा राहिला. आख्खा गोठा रिकामा असला तरी तो उभा राहायचा डावीकडेच, शेजारी एका बैलाची जागा सोडून. दात पडलेले. बापू सरकीची ढेप भिजवायचे, हाताने मळायचे आणि त्याला गोळे भरवायचे. दुसऱ्या कुणाच्या हातचं तो हुंगायचा आणि तोंड फिरवायचा. तेवढा माज म्हातारपणीही होता.

त्या पावसाळ्यात बापू गोठ्यात घसरून पडले. गुडघा आधीच गेलेला होता, आता डॉक्टरांनी ऑपरेशनच सांगितलं, दिवाळीनंतरचं. त्यानंतर कित्येक महिने वाकायचं नाही, जड उचलायचं नाही. आणि डावा एकदा बसला की त्याला खांदा लावून उठवावं लागायचं.

"ताई, मी त्याले चार दिवस खावाडी पाहं," भाऊ फोनवर म्हणाला. "अर्धं बी खात नही. तो आठे ऱ्हायना तं बापू खाटवरतून उठीसन गोठामा जाईच. माले माहीत शे. पडना तं काय करसू?"

"मग सरळ सांग ना बापूंना, की तो राहिला तर तुम्ही पडाल."

"तू सांग."

झालं. दोघांपैकी कुणीच सांगितलं नाही. दोन कमावती, चाळिशीची माणसं, आणि एका म्हाताऱ्याला खरं सांगायला दोघांची फाटली.

माझी लेक चौथीत आहे. वर्षभर तिने 'खरा वाघ, खरा वाघ' म्हणून माझं डोकं खाल्लं होतं. मी राहते त्या नंदुरबारहून सकाळच्या गाडीने सुरत साडेतीन तास. तिथे तापीच्या काठावर प्राणिसंग्रहालय आहे. बापूंना म्हटलं, नातीला तुम्हीच हवे आहात, तुम्ही नाही आलात तर ती जाणार नाही. हेही खोटंच. तिला आईस्क्रीम आणि वाघ सोडून कुणीच नको होतं.

"जनावरं दखाले तिकीट काढानं?" बापू म्हणाले. "अरे वा! मंग मन्हा गोठाले बी लावू तिकीट."

पण तयार झाले. एवढ्या पटकन तयार झाले की मलाच नवल वाटलं. मी मनात म्हटलं, चला, सुटलो.

पहाटे भावाने त्यांना मोटारसायकलवरून नंदुरबार स्टेशनला आणून सोडलं. भावाचं तोंड असं उतरलेलं की कुणीही ओळखावं. मी त्याला डोळे वटारून दाखवले. बापूंनी स्वच्छ धोतर, टोपी, खांद्यावर टॉवेल, हातात काठी आणि काखेत एक जाडजूड कापडी पिशवी घेतली होती. मी पिशवी धरायला हात पुढे केला तर म्हणाले, "ऱ्हाऊ दे, दशम्या शेतस." दशम्या माझ्याकडेही होत्या, डबाभर, वर लसणाची चटणी. म्हातारी माणसं एका दिवसाच्या प्रवासाला आठवड्याचं अन्न घेतात, म्हणून मी पुढे काही बोलले नाही.

गाडीत मी इतकी बोलले, इतकी बोलले, की समोरची बाई नवापूरला उठून दुसरीकडे जाऊन बसली. मुलांचे निकाल सांगितले, मिरचीचा भाव सांगितला, शेजारणीच्या सुनेचं सांगितलं. बापू खिडकीतून बाहेर बघत 'हां, हां' करत होते. मधेच म्हणाले, "पोरी, दम खाय जरासा."

प्राणिसंग्रहालयाच्या फाटकावर पिशव्या तपासत होते. खायच्या वस्तू आत नेता येणार नव्हत्या. माझा डबा काऊंटरवर ठेवून घेतला, लेकीच्या चिप्स गेल्या, तिने भोकाड पसरलं. मी तिला गप्प करत होते तेवढ्यात रखवालदाराने बापूंच्या पिशवीत हात घातला. आत बघितलं, मग बापूंकडे बघितलं. बापू हळूच काहीतरी गुजरातीत बोलले. तो म्हणाला, "जाओ काका." मला राग आला. आमच्या दशम्या चालत नाहीत आणि यांच्या चालतात, काय न्याय आहे! पण लेकीचं रडं थांबवण्यात ते राहून गेलं.

आत ऊन नुसतं चटचटत होतं. दिवाळी संपली तरी सुरतेची हवा घामेजलेलीच, सदरा अंगाला चिकटवणारी. मोठमोठी झाडं होती, सावलीत बाकं होती, आणि माणसं मात्र जनावरांपेक्षा जास्त. लेक पाट्या वाचत पुढे पळत होती आणि प्रत्येक प्राण्याची माहिती ओरडून सांगत होती. बापूंचं वेगळंच चाललं होतं. दरवर्षी सारंगखेड्याच्या यात्रेत लोक त्यांना घोडा दाखवायला घेऊन जातात. त्यांची नजर एकदा पडली की घोड्याचं वय, चाल, खोड, सगळं बाहेर. ती नजर ते घरी ठेवून आले नव्हते.

हरणांपाशी म्हणाले, "पाय चांगला शेतस, पन पोटले चारा कमी लागना."

पाणघोडा पाण्यात बुडून नाकपुड्या तेवढ्या वर काढून होता. त्याच्याकडे बापूंनी बराच वेळ पाहिलं. "येले बाहेर काढाले जेसीबीच जोयजे."

मगर हलतच नव्हती. "मरेल शे का व?"

"नाही बापू, ती ऊन घेते," लेक म्हणाली.

"दिनभर?"

"हो."

"मंग सरकारी नोकरीमा शे."

मी खो खो हसले. मी स्वतः सरकारी नोकरीत आहे, तरी हसले. खरं सांगायचं तर मला त्या दिवशी मजा येत होती, आणि मजा येते आहे याचीच लाज वाटत होती. हसता हसता घड्याळाकडे बघायचे. गाडी दोन वाजता येणार होती. अकरा वाजले, साडेअकरा झाले. तिकडे डावा आपल्या जागेवर उभा असेल. इकडे मी मगरीला हसते आहे. असली कसली ग मी, असं वाटायचं, आणि तेवढ्यात बापू पुन्हा काहीतरी बोलायचे आणि मी पुन्हा हसायचे.

वाघ शेवटी दिसला. झाडाखाली पाठ करून पडला होता. लेकीने वर्षभर वाट पाहिलेला खरा वाघ, आणि दिसत होतं काय, तर पाठ आणि शेपूट. तिचा चेहरा पडला. बापूंनी तिला कडेवर घ्यायला हात पुढे केले, मग गुडघा आठवून मागे घेतले. त्याऐवजी खांद्यावरचा टॉवेल काढला.

"ये, सौदा करूत," म्हणाले.

आमच्याकडच्या जनावरांच्या बाजारात भाव तोंडाने बोलत नाहीत. घेणारा आणि देणारा टॉवेलाखाली एकमेकांचा हात धरतात आणि बोटं दाबून भाव सांगतात. बघणाऱ्याला दोन माणसं हात धरून उभी दिसतात, बस. बापूंनी टॉवेलाखाली लेकीची बोटं दाबली, तिने डोळे मोठे करून मान हलवली, 'नाही, कमी करा.' पुन्हा दाबली. पुन्हा मान. भोवती चार माणसं जमली. शेवटी वाघाचा सौदा झाला. लेक म्हणाली, आता हा वाघ माझा, कोरीटला डाव्याच्या शेजारी बांधू, तिथे उजव्याची जागा रिकामीच आहे.

मी दुसरीकडे बघायला लागले. बापू म्हणाले, "बांधू ना," आणि टॉवेल झटकून खांद्यावर टाकला.

त्यानंतर अस्वल. ते म्हातारं होतं, केस विरळ झालेले, चालताना पुढचा एक पाय जपून टाकत होतं. आतल्या बाजूने एक कामगार आला आणि त्याने मोठ्या थाळीत लापशी ठेवली. अस्वल लगेच आलं. बापू जाळीला जाऊन चिकटले. इतका वेळ थट्टा करणारा माणूस एकदम कामाचं विचारायला लागला. बापूंची गुजराती सुरतेच्या कापूस बाजारात शिकलेली आहे, मोडकी, पण बिनधास्त. याला लापशी का? दात नाहीत म्हणून. कोण शिजवतं? आम्हीच. गरम देता का गार? कोमट. तुमच्याच हातचं खातं का? कामगार हसला. म्हणाला, तसं माझ्याच हातचं, काका.

"आनि तू सुट्टीवर गया तं?"

"दुसरा येतो. पहिले दोन-तीन दिवस रुसतं. मग खातं."

"खास ना?"

"खातं, काका. भूक कुणाला सुटली आहे?"

"दोन-तीन दिन," बापू स्वतःशीच म्हणाले. नंतर पाणी कसं पाजता, बसायला खाली काय टाकता, पाऊस लागतो का, एवढं सगळं विचारलं. मागे लोक ताटकळले. मला वाटलं, जनावराचा माणूस आहे, जीव रमला. आणि माझ्या मनाचा धीर तिथेच सुटला. अस्वलाची एवढी काळजी करणाऱ्या माणसाच्या घरून मी बैल पळवते आहे. चोरच म्हणायचं की आम्हा बहीणभावाला, दुसरं काय!

दीड वाजला होता. लेकीला समोरच्या टपरीवर आईस्क्रीम घेऊन दिलं, बापूंना बाकावर बसवलं, आणि बाजूला जाऊन भावाला फोन लावला. उचलला नाही. पुन्हा लावला. नाही. मी मनाशी ठरवलं होतं, सांगायचं की गाडी परत पाठव, सुट्टी टाकून मी येते, ढेप मी मळते, लाथ मारली तरी मीच भरवते. बडबड करायला उत्साह भरपूर, माझ्याच्याने किती झालं असतं ते देव जाणे. तिसऱ्यांदाही उचलला नाही, म्हणून मी बापूंशेजारी येऊन बसले. आणि बसले तोच त्याचा फोन आला.

भावाचा आवाज पहिल्यापासून मोठा. फोन कानाला लावला तरी शेजाऱ्याला ऐकू जातो.

"ताई, गाडी लवकर उनी. पन दावंच नही!"

"काय नाही?"

"दावं! डावाना गळामा दावं नही. मोकळा उभा शे तो, सकायपासून. त्याना जागवरच उभा शे, हालना बी नही. बठा गोठा दखं, खुंटी दखी, कोठेच नही. बापूले इचार... नही, नको इचारू. काय करू?"

दावं म्हणजे गुरांना बांधायचा दोर. डाव्याचं दावं अंबाडीचं होतं, बापूंनी पोळ्याच्या आधी ओसरीवर बसून स्वतः वळलेलं. मी बापूंकडे बघितलं. ते समोर बघत होते. दोन्ही हात मांडीवरच्या पिशवीवर.

आमच्याकडे जनावर देताना त्याचं दावं देत नाहीत. विकलं तरी नाही, दान दिलं तरी नाही. घेणाऱ्याने आपलं दावं आणायचं. घरचं दावं घरी राहतं. हे मला लहानपणापासून माहीत आहे, तरी त्या क्षणी ते समजायला मला फार वेळ लागला.

"त्याले सांग, दावं मन्हापा शे," बापू म्हणाले. "ते देवानं नही. दुसरं लई ये म्हना. आनि नायलॉननं नको बांधू म्हना, कातडं काचस."

भावाने फोनवर ते ऐकलं होतं.

"बापू," मी म्हटलं, म्हटलं कसलं, ओरडलेच, "तुम्हाला माहीत होतं तर बोलला का नाहीत? आम्ही काय गधडे आहोत म्हणून हे नाटक करत बसलो? नाही पाठवायचा तो. गाडी परत जाऊ द्या. ए, ऐकतोस का, गाडी परत पाठव!"

"पाठाडू नको," बापू माझ्या फोनकडे वाकून म्हणाले. "चढाव त्याले."

मग माझ्याकडे वळून, शांतपणे, "तुन्हा भाऊना फोन माले गोठामा बी आयकू येस. मी मंगळवारे त्या गोशाळामा जाई उनू. एसटीवरी गयू. गव्हान उंच शे, पानी चोखं शे. दात नसनात तं ढेप भिजाडी देतस. दखीसन उनू मी सगळं. मन्हा बैल मी बिगर दखता कसाले देसू?"

"पण मग इथे कशाला आलात?"

"तुन्हा भाऊले मन्हासमोर जमतं का? नही जमतं. तो रडता, मी बी रडतू. बैल घरच ऱ्हाता. म्हनीसन उनू." मग म्हणाले, "आनि वाघ बी दखाना व्हता."

मी रडले. पदराने तोंड पुसत, नाक ओढत, भर गर्दीत. लेक आईस्क्रीम घेऊन आली आणि म्हणाली, आईला काय झालं. बापू म्हणाले, तिले वाघनी पाठच दिसनी ना, म्हनीसन. तिला ते पूर्ण पटलं. ती म्हणाली, मलापण रडू येणार होतं.

बापूंनी टॉवेल मांडीवर पसरला, त्याखाली माझा हात घेतला आणि बोटं दाबली. भाव किती ते मला काही कळलं नाही, सगळीच बोटं दाबली होती. आम्ही तसेच बसून राहिलो. पलीकडे तापी दिसत होती. बापूंनी सांगितलं, की ही आपल्या गावाजवळून येते. मी हो म्हटलं.

परतीच्या गाडीत त्यांनी भूक लागल्याचं सांगितलं. काऊंटरवरून परत घेतलेला डबा उघडला, दशम्या खाल्ल्या. मी म्हटलं, आता तुमच्या पिशवीतल्या काढा. तर हसायला लागले. पिशवीत दशमी एकच होती, दाव्याच्या वेटोळ्यात दडपलेली. तीही लेकीने खाल्ली. म्हणाली, हिला डाव्याचा वास येतो, पण छान आहे.

नंदुरबार आलं तेव्हा आठ वाजत होते. भाऊ फलाटावर उभा होता. अंगात सकाळचाच शर्ट, खांद्यावर ढेपेचे डाग. माझ्याकडे त्याने बघितलंच नाही. बापू सावकाश उतरले, काठी टेकली, आणि मधलं सगळं सोडून एवढंच विचारलं, "चढताना पाय तं नही घसरना त्याना?"

"नही."

"दावं कोनं लई उना?"

मला वाटलं, आता नायलॉनचा दोर निघतो आणि बापू चिडतात. मी मधे पडायला तोंड उघडलं, आणि माझ्या नशिबाने तेवढ्यात बंद केलं.

"दावं लागनंच नही बापू," भाऊ म्हणाला. "कसानं बांधू, समजेना. मी आपला फळीवरतून गाडीमा चढनू, जागा दखाले. मांगे वळीसन दखं, तं तो मन्हामांगे चालत उना. मोकळा. आपला आपला चढना. मी त्याले तुमनाकडे लई जाई ऱ्हायनू, असंच वाटनं व्हई त्याले."

बापूंनी दाव्याची पिशवी त्याच्या हातात दिली.